रोज गोव्याला कामाला जाणारे सिंधुदुर्गकर सरकारी आकड्यांत सापडतात का?

ओहोळ
नमस्कार मंडळी. सावंतवाडी, बांदा, मडुरा, सातार्डा, दोडामार्ग या पट्ट्यातून रोज सकाळी किती माणसं कामाला गोव्यात जातात, याचा सरकारी आकडा कुठे मिळेल का?

कारण सांगतो. सकाळी लवकर गोव्याच्या दिशेने एक एसटी हवी म्हणून ग्रामसभेत ठराव झाला. तो घेऊन आगारात गेलो. साहेब चांगले बोलले, चहा पाजला आणि म्हणाले, "ठराव सगळेच आणतात. माणसं किती, जाणार कुठे, परतणार कधी, ते कागदावर द्या. मी वर पाठवतो." रास्त आहे. पण कागद आणू कुठून? पोरं सगळी मोटरसायकलवर जातात. ज्या मुलींच्या घरात दुसरी गाडी नाही त्या एक पावसाळा कसाबसा काढतात आणि नोकरी सोडतात. म्हणजे उद्या नाक्यावर उभं राहून मोजलं तरी त्या मोजणीत त्या नसणारच.

जनगणनेच्या संकेतस्थळावर जाऊन आलो. फायलींची नावं बघूनच माघारी फिरलो.

आकडेमोड
तुम्हाला हवा आहे तो तक्ता बी-२८. २०११ च्या जनगणनेत आर्थिक तक्त्यांची 'बी' मालिका आहे, तिच्यात हा आहे. घरापासून कामाच्या जागेपर्यंतचं एकेरी अंतर किती आणि जायचं साधन कोणतं, एवढंच त्यात आहे. गाव-जिल्ह्याच्या इंग्रजी स्पेलिंगांच्या नादी लागू नका, जिल्ह्याच्या कोडने शोधा: सिंधुदुर्ग ५२९, रत्नागिरी ५२८, रायगड ५२०.

फाइल उघडली की उभ्या रांगेत अंतराचे गट दिसतील. प्रवास नाही, १ किमीपर्यंत, २ ते ५, ६ ते १०, ११ ते २०, २१ ते ३०, ३१ ते ५०, आणि ५१ च्या वर. आडवी साधनं: पायी, सायकल, मोपेड-स्कूटर-मोटरसायकल, कार-जीप, टेम्पो-रिक्षा-टॅक्सी, बस, रेल्वे, जलवाहतूक. प्रत्येकाखाली व्यक्ती, पुरुष, स्त्रिया. ग्रामीण आणि शहरी वेगळं. नुसतं 'सिंधुदुर्ग ग्रामीण, ११ ते २०, स्त्रिया, बस' हा खाना बघितलात तरी तुमच्या अर्जाला एक परिच्छेद मिळेल.

आता अडचणी. हा प्रश्न फक्त 'इतर कामगारां'ना विचारला होता, म्हणजे शेती करणारे, शेतमजूर आणि घरगुती उद्योगवाले वगळून. तक्ता जिल्ह्याचा आहे, त्यात तुमचं गाव नाही. आणि तुमच्या मुळावर येणारी गोष्ट म्हणजे, अंतर विचारलं, ठिकाण विचारलंच नाही. बांद्याहून कुडाळला जाणारा आणि बांद्याहून म्हापशाला जाणारा एकाच खान्यात पडू शकतात. राज्याची हद्द ओलांडली की नाही, ते त्या तक्त्याला ठाऊक नाही.

बोंबील_बहाद्दर
थोडक्यात, माणूस ४० किलोमीटर गेला हे सरकारला माहीत आहे. कुठे गेला ते घरी बायकोने विचारायचं.

कोकमसार
बायकोक तरी खंय म्हायत! माझो झील रोज गोयात जाता. सकाळी साडेसाताक भायर, रातीक घराक. उद्या कोण विचारूक इलो तर मी सांगतलंय, "झील कंपनीत आसा." कसली कंपनी, खंयच्या गावात, माका विचारू नकात. पगार वेळेवर येता ना, बस.

निवृत्त_मास्तर
कोकमसार, तुम्ही विनोदाने लिहिलंत, पण प्रगणकासमोर नेमकं हेच होतं. मी १९९१, २००१ आणि २०११ अशा तिन्ही जनगणनांना प्रगणक होतो. दारात जो भेटेल तो घरातल्या सगळ्यांची माहिती देतो. म्हातारी सुनेची देते, सून दिराची देते.

आणि बायकांच्या कामाचं तर विचारूच नका. २०११ ची गणना ९ ते २८ फेब्रुवारीत झाली. एका घरी ओसरीवर बाई बसलेली, पुढ्यात काजूच्या बियांचा ढीग, बोटं चिकाने काळी झालेली. विचारलं, "तुम्ही काय काम करता?" मान वरही न करता म्हणाली, "काय नाय, घरीच असते." बाजूला नवरा आरामात पेपर वाचत होता, तो म्हणाला, "ती काय करणार?" आम्हाला सूचना होत्या की खोदून विचारा, भात लावायला जाता का, काजू फोडायला जाता का, वर्षातून किती महिने. सहा महिने किंवा जास्त काम असेल तर मुख्य कामगार, कमी असेल तर सीमांतिक. पण अंधार पडायच्या आत दहा घरं उरकायची असली की सगळेच खोदत नाहीत. त्यामुळे कोकणातल्या बायकांच्या रोजगाराचा आकडा दिसला की मी तो मनातल्या मनात वाढवूनच वाचतो.

धाकटा_चाकरमानी
मास्तर, पेपरवाला नवरा आमच्या वाडीतलाच असणार.

गंमत सोडा, पण आपल्याकडे 'रोजगार' बघायचा तर आधी कोण उरलंय ते बघावं लागतं. २००१ ते २०११ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१. देश वाढतोय, राज्य वाढतंय, आणि आपले दोन जिल्हे घटतायत. २०११ मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे १,१२२ बायका, सिंधुदुर्गात १,०३६. पुरुष कुठे गेले ते दादर स्टेशनवर कळेल.

बोंबील_बहाद्दर
जनगणना गणपतीत घ्या की. लोकसंख्या दुप्पट, पुरुष-स्त्री प्रमाण चोख, आणि प्रत्येक घरी प्रगणकाला मोदक.

सडेफटिंग
अनुमोदन. फक्त 'कामाचा प्रकार' या रकान्यात सगळ्यांचं एकच उत्तर येईल: भजन.

आकडेमोड
चाकरमानी, तुमचा मुद्दा स्थलांतराचा झाला. त्याला जनगणनेची 'डी' मालिका आहे. मागचं राहण्याचं ठिकाण, किती वर्षांपूर्वी आलात, कशासाठी आलात: काम, लग्न, घरच्यांबरोबर. उत्तर गोव्याचा तक्ता काढला तर महाराष्ट्रातून तिथे येऊन राहिलेले लोक सापडतील. पण ओहोळ म्हणतात ती माणसं रात्री जेवायला घरी येतात. राहतं ठिकाण बदललेलं नाही, म्हणून ती 'डी'मध्ये नाहीत. 'बी'मध्ये आहेत, पण दिशेशिवाय. सिंधुदुर्गाच्या फाइलीत ती 'अमुक किलोमीटर, मोटरसायकल' एवढीच उरतात आणि गोव्याच्या फाइलीत त्यांचा पत्ताच नाही, कारण गोव्याने आपल्या घरांत राहणारे मोजले.

खाडीपलीकडे
दाभोळच्या बाजूची मी. आमचंही दुखणं त्याच तक्त्यातलं आहे. दाभोळ-धोपावे फेरीने खाडी ओलांडून कामाला जाणारे लोक आहेत. फेरी नसेल तर चिपळूणला वळसा घालून जायचं, म्हणजे दिवस गेला. 'जलवाहतूक' हा रकाना पाहून मला फार आनंद झाला होता. मग लक्षात आलं की साधन एकच लिहितात. घरून जेटीपर्यंत वडाप, मग फेरी, पलीकडे पुन्हा रिक्षा. त्यातलं लिहिणार कोणतं? ज्याला जे सुचलं ते. फेरीला पाच-दहा मिनिटं आणि रस्त्याला पाऊण तास लागत असेल तर माणूस रिक्षाच सांगतो. म्हणजे जिच्यावाचून नोकरी होऊच शकत नाही ती फेरी आकड्यांत दिसतच नाही.

धक्क्यावरून
आणि खलाशी? त्याचं कामाचं ठिकाण किती किलोमीटर? आम्ही किलोमीटर नाही, पाण्याची खोली वावांत मोजतो. आज बारा वाव, उद्या चाळीस वाव! त्यातून १ जून ते ३१ जुलै बंदी. त्या दोन महिन्यांत बोटीवरचे अर्धे लोक आपापल्या मुलखात गेलेले असतात, काही तर थेट नेपाळला. बंदरात कोणत्या महिन्यात विचारता त्यावर उत्तर ठरतं.

आकडेमोड
धक्क्यावरून, त्यासाठी वर्षभर चालणारी पाहणी लागते. ती आहे: पीएलएफएस, नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण. २०१७ पासून सुरू आहे. जानेवारी २०२५ पासून तिची रचना बदलली, आता दर महिन्याला आकडे येतात आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरतात. कच्च्या नोंदी सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा संकेतस्थळावर नाव नोंदवून फुकट मिळतात. वरवरचे तक्ते पाहायचे तर ई-सांख्यिकी नावाचं पोर्टल आहे, तिथे माउस फिरवला तरी काम होतं.

तिच्यात एक खुबी आहे. कामाच्या जागेचा प्रकार विचारतात: घरात, घराबाहेर, रस्त्यावर, जागा ठरलेली नाही, आणि ती जागा ग्रामीण भागात की शहरी. म्हणजे ग्रामीण भागात राहून शहरी भागात कामाला जाणारे किती, हे नोंदींतून काढता येतं. देशभरचा रोजचा गाव-शहर प्रवास अभ्यासक असाच काढतात. खलाशी बहुधा 'जागा ठरलेली नाही'मध्ये पडेल.

पण नव्या रचनेत देशभरात २,७२,३०४ घरं आहेत. जिल्ह्यांत वाटली तर सरासरी साडेतीनशेच्या आसपास. त्यातून सावंतवाडी तालुका वेगळा काढायला जाऊ नका, चार घरांवरून तालुक्याचं भविष्य सांगाल.

सडेफटिंग
हेच तर मी म्हणतो! २०११ चे आकडे घेऊन आज काय करायचं? तेव्हा गोव्यात पेडणे तालुक्यातल्या मोपाला विमानतळ नव्हता, तिथून पहिलं विमान उडालं जानेवारी २०२३ मध्ये. पेडण्याचं सगळं चित्र त्यानंतर बदललं. जुन्या आकड्यांवर एसटी मागणार म्हणजे आजोबांच्या मापाचा शर्ट नातवाला शिवणार. सरळ गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीला सकाळी साडेसात ते नऊ उभे राहा, आपल्या जिल्ह्याच्या एमएच ०७ पाटीच्या मोटरसायकली मोजा, संपला विषय.

ओहोळ
संपत नाही ना. मी पहिल्या पोस्टीत लिहिलंय तेच: मोटरसायकली मोजून मोटरसायकलवाल्यांचा आकडा येईल. ज्यांना बस हवी आहे त्या तिथे नाहीत.

खाडीपलीकडे
ओहोळ यांच्याशी सहमत. शिवाय सगळ्या एमएच ०७ कामालाच चालल्यात कशावरून? कोण पेट्रोल भरायला, कोण 'तीर्थ' आणायला.

बोंबील_बहाद्दर
सकाळी साडेसातला तीर्थ आणायला जाणाऱ्यांचा वेगळा रकाना ठेवा. जिल्ह्याची खरी निष्ठावान माणसं ती.

लोटे_ते_घर
गाड्यांचा विषय निघालाच आहे तर, परिवहन खात्याचा 'वाहन' डॅशबोर्ड बघा. आरटीओनुसार, वर्षानुसार, वाहनाच्या प्रकारानुसार नोंदणी दिसते. सिंधुदुर्ग एमएच ०७, रत्नागिरी ०८, पेण ०६. दुचाकींचा आलेख वर आणि बसचा सपाट असेल तर आगारात दाखवायला ते चित्र वाईट नाही. मात्र गोव्यात कामाला असणारे काहीजण गाडीही तिकडचीच घेतात, ते जीए पाटीमागे लपतात.

मला मात्र वेगळंच सांगायचं होतं. मी लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करतो, राहतो चिपळुणात. माझ्यासारखे कंपनीच्या बसने येणारे ढिगाने आहेत. इथल्या उद्योजकांच्या एका बैठकीसाठी हे मोजायचं ठरलं तेव्हा एकाने युक्ती सांगितली. जनगणनेत माणूस राहत्या घरी मोजतात, आर्थिक गणनेत तो कामाच्या जागी मोजतात. सहावी आर्थिक गणना २०१३-१४ ची आहे, जनगणना २०११ ची, म्हणजे दोन-तीन वर्षांचाच फरक. एखाद्या गावात आस्थापनांत काम करणारे पुष्कळ आणि त्या गावात राहणारे 'इतर कामगार' थोडे, तर उरलेली माणसं बाहेरून येतात. उलट असेल तर गाव रोज सकाळी रिकामा होतो. दोन्हीकडे गावपातळीच्या नोंदी आहेत, त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरीत अडकायला होत नाही.

निवृत्त_मास्तर
ही युक्ती मला आवडली. पण गावांची नावं जुळवताना नाकी नऊ येतील. एकाच तालुक्यात एका नावाची दोन गावं, वर बुद्रुक-खुर्द.

लोटे_ते_घर
मास्तर, म्हणूनच कोडने जुळवायचं. त्यातही सापळा आहे. जनगणनेचा गाव कोड वेगळा आणि पंचायतीकडच्या कागदांवर येतो तो स्थानिक शासन निर्देशिकेचा, म्हणजे एलजीडी कोड वेगळा. दोन्ही आकडेच, दिसायला सारखेच, आणि एक्सेल काही न बोलता चुकीचं गाव चुकीच्या गावाला जोडून देतं. पालघरवाल्यांनी तर आणखी सांभाळावं. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला, म्हणजे २०११ ची त्यांची सगळी गावं ठाण्यात आहेत.

ओरोसचा_बाबू
लोटे_ते_घर, तुमची युक्ती आमच्या ओरोसला लावून बघा आणि हसा. सिंधुदुर्गनगरी म्हणजे जिल्ह्याचं मुख्यालय. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, सगळी खाती तिथे. सकाळी पावणेदहाला कुडाळकडून आणि कणकवलीकडून गाड्यांची रांग लागते, संध्याकाळी सहा वाजले की गाव शांत. पण सहाव्या आर्थिक गणनेत शासकीय प्रशासन मोजलेलंच नाही, पिकांची शेतीही नाही. जिल्ह्यात रोजच्या ये-जा करणाऱ्यांचं ठळक ठिकाण कुठलं म्हणाल तर आम्ही, आणि नेमके आम्हीच गायब!

सडेफटिंग
सरकारी कर्मचारी कामाच्या जागी सापडला नाही, यात बातमी काय आहे?

ओरोसचा_बाबू
वाटच बघत होतो कोण बोलतो याची.

धाकटा_चाकरमानी
मला एक कळत नाही. एवढी डोकी लावून आपण पोरांना गोव्याला पोचवायची सोय करतोय. मागणी करायची तर इथे कारखाने आणा अशी करा ना. मुंबईला मनीऑर्डरीवर दोन पिढ्या काढल्या, आता गोव्याच्या पगारावर तिसरी.

कोकमसार
कारखानो येयत तेवां येयत. पोराक उद्या सकाळी साडेसाताक जावचा आसा.

संपादक
कारखाना हवा की नको यावर आधीच दोन धागे आहेत, कृपया तिकडे. इथे एसटीची वाट बघू.

वाहक_दादा
मी एसटीत वाहक होतो, दोन वर्षांपूर्वी सुटलो. बराच वेळ वाचतोय. जनगणना, श्रमबल सगळं ठीक आहे, पण तुम्हाला जे पाहिजे ते आमच्या तिकीट मशीनमध्ये आहे हो. कुठे चढला, कुठे उतरला, किती वाजता, कोणत्या सवलतीत. प्रत्येक तिकिटाला टप्पा ते टप्पा नोंद होते. एक टप्पा सहा किलोमीटरचा. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि उरलेले पैसे महामंडळाला शासनाकडून घ्यायचे असतात, त्यामुळे त्या तिकिटांचा हिशेब वेगळा आणि काटेकोर. ही सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. म्हणजे गोव्यात जाणाऱ्या बाईला हद्दीपुढचं भाडं पूर्ण. तुमच्या मुलींचं गणित तिथेही बिघडतं, तेही अर्जात घाला.

पासांचं रजिस्टर विसरू नका. मासिक पास म्हणजे वीस दिवसांचं भाडं भरून तीस दिवस प्रवास. पास काढणारा माणूस रोज जाणारा. हौशे-गवशे पास काढत नाहीत.

माहिती अधिकारात मागा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर. "प्रवासी किती" असं मोघम विचारू नका, मोघम उत्तर येईल. अमुक मार्गावरच्या सकाळच्या पहिल्या दोन फेऱ्या आणि संध्याकाळच्या शेवटच्या दोन, अमुक तीन महिने, टप्पानिहाय तिकिटं, सवलत प्रकारासह, आणि त्या फेऱ्यांचं भारमान, म्हणजे गाडी किती भरून गेली ते. एक महिना पावसाळ्यातला घ्या, एक मे सोडून उन्हाळ्यातला. मे मध्ये चाकरमानी येऊन सगळं भारमान फुगवतात, आगाराला ते पक्कं माहीत असतं, लगेच पकडतील.

आकडेमोड
वाहक दादांनी मुद्द्यावर आणलं. ओहोळ, मग अर्ज असा बांधा. बी-२८ घ्या, पण फक्त एवढ्यासाठी: २०११ मध्येच जिल्ह्यातले किती लोक ११ किमीच्या पुढे कामाला जात होते, त्यातले बसने किती, आणि पुरुष-बायकांत फरक किती. 'वाहन'वरून त्यानंतर दुचाकी किती वाढल्या ते एका आलेखात. तिकिटांवरून आज बसने हद्दीपर्यंत कोण जातं. आणि ज्या मुली जात नाहीत त्यांच्यासाठी कुठलंच पोर्टल नाही, ते घरोघरी विचारावं लागेल. प्रश्न चारच ठेवा: कामाला कुठे जाता किंवा जायचात, किती वाजता पोचायचं, परत कधी, सोडलं असेल तर का. ठिकाण गावाच्या नावानिशी लिहून घ्या, जनगणनेने जे विचारलं नाही ते.

ओहोळ
सगळ्यांचे आभार. माहिती अधिकाराचा अर्ज आज लिहायला घेतो, वाहक दादांचे शब्द जसेच्या तसे घालतो. घरोघरीचं काम बचत गटाच्या बायकांनी अंगावर घेतलंय. त्या म्हणाल्या, पुरुष प्रश्न विचारायला आले तर मुली "काय नाय, घरीच असते" सांगतील. मास्तर, तुमची आठवण झाली.

एक विचारायचं राहिलं. नाक्यावरची मोजणीही जोडीला करावी म्हणतो. येत्या सोमवारी बांद्याला उभे राहिलो तर चालेल?

वाहक_दादा
सोमवार नको. रविवारी मुक्कामाला आलेले सगळे त्या दिवशी परत जातात, आकडा खोटा फुगेल. बुध-गुरुवार घ्या आणि बाजाराचा वार टाळा, नाहीतर मासळीच्या टोपल्यासुद्धा प्रवासी म्हणून मोजाल. छत्री न्या. आणि मशीनच्या वेळेशी ताडून बघता येईल असं दर पंधरा मिनिटांचं वेगळं लिहा.

कोकमसार
बुधवारी माझ्या झिलाक हात दाखवा. निळी गाडी, हेल्मेट हाताक अडकवलेला.